गेनिझा पत्रांतून हिंदी महासागरातल्या व्यापाऱ्यांचं जाळं कसं उभारावं

जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातमधल्या, बेन एझ्रा सिनेगॉगात जीर्ण कागद फेकून न देता एका बंद कोठडीत टाकत असत. त्या कोठडीला गेनिझा म्हणतात. केंब्रिजचे हिब्रू अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. आज सुमारे चार लाख तुकडे जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेले आहेत. त्यांत ११व्या-१२व्या शतकातली व्यापारी पत्रंही आहेत: फुस्तात, एडन, मंगळूर, भडोच, ठाणे अशा बंदरांमधली. भाषा बहुधा अरबी, लिपी हिब्रू. कोण कोणाशी व्यवहार करत होतं याचं संगणकावर विश्लेषण करायला हा साठा फार चांगला आहे. मात्र सगळी मेहनत तक्ते भरण्यात जाते. आलेख काढणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम.

सुरुवात ६० ते १०० दस्तऐवजांनी करा. एकच वर्तुळ निवडा. मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा आणि ११३२ ते ११४९ या काळात बहुतेक मलबार किनाऱ्यावर राहिलेला व्यापारी अब्राहम बेन यिजू हा सोयीचा आहे, कारण इतिहासकार एस. डी. गोइटाइन आणि मोर्देखाय फ्रीडमन यांनी त्याच्या कागदपत्रांचं भाषांतर टिपांसह केलं आहे. प्रिन्स्टन गेनिझा प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर वर्णनं आणि लिप्यंतरं पाहायला मिळतात, माहितीचे तक्ते सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) स्वरूपात उतरवून घेता येतात. हस्तलिखित वाचणारी यंत्रणा स्वतः शिकवण्याच्या फंदात पहिल्या फेरीत पडू नका.

चार तक्ते करा: दस्तऐवज, व्यक्ती, ठिकाणं, दुवे (कोण कोणाशी कसा जोडलेला). ग्रंथालयाचा क्रमांक हाच दस्तऐवजाचा क्रमांक धरू नका. कागद महाग होता, म्हणून बेन यिजू आलेल्या पत्रांच्या पाठीवर हिशेब लिहून ठेवत असे. म्हणजे एका क्रमांकाखाली दोन-तीन दस्तऐवज निघतात. उलट, एकच पत्र फाटून दोन क्रमांकांत, कधी दोन देशांत गेलेलं असतं. म्हणून स्वतःचा क्रमांक द्या आणि ग्रंथालयांचे क्रमांक वेगळ्या तक्त्यात त्याला जोडा. हे क्रमांक एक्सेलमध्ये थेट उघडू नका. संग्रहाचं नाव एका स्तंभात आणि आकडा दुसऱ्यात ठेवला असेल, तर ८.२० चं ८.२ होतं आणि तुकडा बदलतो. स्तंभ आधी ‘मजकूर’ प्रकारात टाका, मग आयात करा. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातच ठेवा, म्हणजे हिब्रू-अरबी अक्षरं बिघडत नाहीत.

तारखेसाठी एक स्तंभ पुरत नाही. ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ असे दोन स्तंभ करा आणि दोन्हींत नुसतं वर्ष पूर्णांकात लिहा, कारण एक्सेलला १९०० पूर्वीची तारीख कळतच नाही. ज्यू कागदपत्रांत बहुधा सेल्युकिड सन (इ. स. पू. ३१२ पासून मोजलेला) असतो. शरदात वर्ष बदलतं, म्हणून तिश्री या ज्यू वर्षारंभाच्या महिन्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ३१२ आणि त्यानंतर ३११ वजा करायचे. सेल्युकिड १४४४ चा तिश्री म्हणजे इ. स. ११३२ चा शरद. बेन यिजूने आशू या दासीला मंगळुरात मुक्त केलं ते त्याच शरदात, १७ ऑक्टोबर ११३२ ला. हिजरी सनाचं वर्ष चांद्र असल्यामुळे तिथे ठरावीक आकडा वजा करून चालत नाही. रूपांतराचा तक्ताच वापरा.

सर्वांत जास्त घोटाळा नावांत होतो. (बेन किंवा इब्न म्हणजे ‘चा मुलगा’.) अब्राहम बेन पेराह्या, इब्न यिजू आणि अबू इसहाक ही एकाच माणसाची नावं असू शकतात. पण अब्राहम नावाच्या कुणालाही अबू इसहाक म्हणण्याची रीत होती, तेव्हा एवढ्यावरून माणूस ठरत नाही. बापाचं नाव, ठिकाण, भागीदार यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एक करू नका. ओपनरिफाइन या तक्ते साफ करण्याच्या प्रणालीतली, सारखी नावं जुळवणारी ‘फिंगरप्रिंट’ पद्धत इथे हमखास फसवते. ती शब्द अकारविल्हे लावून मग जुळवते, त्यामुळे ‘योसेफ बेन अब्राहम’ आणि ‘अब्राहम बेन योसेफ’ तिला एकच वाटतात. पैकी पहिला तर बेन यिजूचा एडनमधला खराखुरा पत्रमित्र! यंत्राने सुचवलेली प्रत्येक जोडी डोळ्यांखालून घाला आणि ‘कोणत्या आधारावर जोडलं’ असा स्तंभ ठेवा.

पत्राच्या शेवटच्या नमस्कारांतली माणसंही घ्या. बेन यिजूचा गुलाम आणि व्यापारी हस्तक बोम्मा अशाच ओळींतून दिसत राहतो. जात-धर्माचा स्तंभ मात्र अंदाजाने भरू नका. रिकामा राहिला तरी चालेल.

दुव्यांचे प्रकार वेगळे ठेवा: पत्र, माल, पैसा, भागीदारी, नातं, स्नेह, नुसता उल्लेख. एक उदाहरण घ्या. व्यापारी अबू झिक्री कोहेन चाच्यांच्या हाती सापडला आणि पुढे भडोचला पोचला. त्याचा मेहुणा, जहाजमालक महरूझ याने त्याला मंगळूरहून लिहिलं: गरज पडली तर ठाण्यात असलेल्या नाखुदा (जहाजमालक किंवा कप्तान) टिंबूकडून माझ्या खात्यावर सोनं घ्या, त्याचा-माझा स्नेह आहे. या एका पत्रातून चार ओळी निघतात: महरूझकडून अबू झिक्रीला पत्र, दोघांचं नातं, महरूझ आणि टिंबूचा स्नेह, टिंबूकडून अबू झिक्रीला सोनं. चौथा व्यवहार झाला की नाही हे पत्रातून कळत नाही. म्हणून ‘स्थिती’ स्तंभात ‘सुचवलेला’ असं लिहा. हा स्तंभ नसेल तर नुसत्या सूचना व्यवहार म्हणून मोजल्या जातात. रकमांचंही तसंच: एडनचा मलिकी दिनार इजिप्तच्या दिनारापेक्षा हलका, तेव्हा दोन्हींची बेरीज करू नका. मूळ एकक जसंच्या तसं लिहा.

आता गणित. जाळ्यांचं विश्लेषण करणारं पायथनमधलं नेटवर्कएक्स किंवा गेफी ही प्रणाली, दोन्ही चालतात. ‘मध्यस्थता’, म्हणजे इतरांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांवर एखादा किती वेळा येतो, हे मोजताना नेटवर्कएक्स दुव्याच्या वजनाला (इथे पत्रांच्या संख्येला) अंतर समजतं. दहा पत्रांचा दुवा त्याला एका पत्राच्या दुव्यापेक्षा दहापट लांब वाटतो, आणि उत्तर उलटं येतं. आधी एक भागिले वजन असा नवा स्तंभ करा आणि तो द्या. नकाशावर जाळं टाकायचं तर फुस्तात ते एडन सरळ रेघ मारू नका. माल नाईलवरून कूसपर्यंत, तिथून वाळवंटातून ऐधाबला आणि मग तांबड्या समुद्रातून जात असे. हे थांबे ठिकाणांच्या तक्त्यात घाला.

पहिला निकाल बहुधा असा येईल की बेन यिजू सगळ्या जाळ्याच्या मध्यभागी. त्यावर विश्वास ठेवू नका. तो आपले कागद घेऊन इजिप्तला गेला म्हणून ते टिकले, बाकीच्यांचे नाहीत. शिवाय त्याच्याजवळ राहिली ती मुख्यतः आलेली पत्रं, त्यामुळे बाहेर जाणारे दुवे कमी दिसतात. दोन चाचण्या करा. एक, बेन यिजूला वगळून सगळं पुन्हा मोजा. एडनचा व्यापारीप्रमुख मदमून बेन हसन तरीही वरच्या क्रमांकात राहिला, तरच त्याच्या स्थानाबद्दल काही बोलता येईल. दुसरी, दर खेपेला वीस टक्के दस्तऐवज यदृच्छेने काढून हजार वेळा मोजा आणि क्रमांक किती हलतो ते पाहा. दस्तऐवज काढायचे, दुवे नव्हे, कारण काळाने संपूर्ण पत्रं गिळली आहेत. निकाल सांगताना एक आकडा न देता ‘दुसरा ते पाचवा’ असा पल्ला द्या.

कोकण किनाऱ्यापुरता एक बाहेरचा पडताळाही हाताशी आहे. चिंचणीच्या ताम्रपटांत शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा लेख आहे. त्यात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती, म्हणजे मुहंमद, हा ताजिक (अरब) अधिकारी भेटतो. काळ दोन शतकं आधीचा, त्यामुळे हे दुवे गेनिझाच्या जाळ्यात मिसळू नयेत. पण ताम्रपटात राजा, मठ आणि जमीन दिसते, पत्रांत मिरी, लोखंड आणि उधारी. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की पत्रांच्या जाळ्यात स्थानिक सत्ताधीश जवळपास नसल्याचं लगेच लक्षात येतं. आलेखाखालच्या ओळीत तेवढं नक्की लिहा, सोबत दस्तऐवजांची संख्या आणि तक्ते उतरवल्याची तारीखही.