गॅस्ट्रिक बायपासनंतर शुगरची वही कशी लिहावी

ऑपरेशनच्या आधी १७ वर्षं मी शुगरची वही लिहीत होते. रकाने दोनच, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. हिशेबनीस म्हणून नोकरी केल्यामुळे वही सुबक, आकडे मात्र लाजिरवाणे. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून आतड्याची वाट बदलणारं ऑपरेशन, झाल्यावर तीच वही तशीच पुढे चालवली आणि तिथेच फसले. आतड्याची वाट बदलली की वहीचे रकानेही बदलायला हवेत.

पहिलं पान औषधांचं. प्रत्येक औषधापुढे तारीख आणि डॉक्टरांनी किती कमी केलं ते लिहा. माझं इन्सुलिन दिवसाला ४२ युनिट होतं. ऑपरेशननंतर चौथ्या सकाळी शुगर १२८ आली, तेव्हा वजन जेमतेम दोन किलो उतरलं होतं. मीटर बिघडला म्हणून मी दुसरी पट्टी लावली, तरी १३१. या दिवसांत जुना डोस सवयीने टोचला तर शुगर धाडकन खाली जाते. म्हणून सुरुवातीला दिवसातून निदान चार वेळा तपासा आणि आकडे रोज कळवा. डोस आपल्या मनाने ठरवू नका. कमीही नाही, बंदही नाही.

वजनाआधी शुगर का उतरते? एक कारण साधं आहे. खाणंच इतकं थोडं असतं की यकृतातली चरबी घटू लागते आणि यकृत रक्तात साखर ओतायचं आवरतं. दुसरं कारण आतड्यातल्या हार्मोन्सचं. बायपासमध्ये जठराची ३० मिलिलिटरच्या आसपासची पिशवी उरते आणि अन्न ड्युओडेनम (जठराला लागून असलेली लहान आतड्याची सुरुवात) व त्यापुढचा वरचा भाग टाळून थेट खाली उतरतं. लहान आतड्याच्या शेवटाकडे एल-पेशी दाटीने असतात. एरवी तिथपर्यंत थोडंच अन्न पोचतं, आता घास उतरतो न उतरतो तोच त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स भरभरून सोडतात. जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या हार्मोनला दाबतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. रक्तात ते दोनेक मिनिटंच टिकतं, पण जेवणानंतरची लाट मोठी असते. ड्युओडेनम वगळल्याचाही वाटा असावा. शल्यचिकित्सक फ्रान्चेस्को रुबिनो यांनी २००४मध्ये लठ्ठ नसलेल्या मधुमेही उंदरांवर तशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा वजनाच्या फरकाशिवाय त्यांची शुगर सुधारली होती. नेमका वाटा कोणाचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

या लाटेमुळेच दोन तासांचा एकुलता आकडा फसवा ठरतो. दीड वर्षाने मला जेवणानंतर दरदरून घाम येऊ लागला, हात थरथरत, शब्द सुचत नसत. वहीत मात्र दोन तासांना ९६! मग मी हट्टाने एक दिवस दर पंधरा-वीस मिनिटांनी बोट टोचलं. ४५ मिनिटांना २१०, दोन तासांना ९६, आणि त्यानंतर वीस मिनिटांत ५८. साखर झपाट्याने शोषली गेली, त्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटलं आणि उतारावर आकडा तळाला गेला. हा प्रकार बहुधा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतो, आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत गाठतो. वर मी काय करायचे, तर पेलाभर फळांचा रस प्यायचे. तासाभराने पुन्हा तेच रामायण.

आता माझ्या पानावर रकाने असे आहेत: पहिल्या घासाची वेळ, काय खाल्लं, किती मिनिटांत संपवलं, शुगर किती वाजता किती, आणि ‘कसं वाटलं’. वेळ पहिल्या घासापासून मोजायची, ताट उचलल्यापासून नाही. शेवटचा रकाना टाळू नका, डॉक्टर आधी तोच वाचतात. महिन्यातून एखाद्या दिवशी एक, दोन आणि तीन तासांनी तपासा. ७०च्या खाली गेलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज मोजून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि आकडा वर आला की अंड्यासारखं थोडं प्रथिन खा, म्हणजे दुसरी लाट येत नाही. ५४च्या खालचे आकडे लाल शाईने लिहा आणि लगेच दाखवा. तोवर गाडी चालवू नका.

त्या ‘संपवायला लागलेल्या मिनिटां’नी मला सगळ्यात जास्त शिकवलं. आठ मिनिटांत संपवलेल्या जेवणांपुढे लाल शाई, पंचवीस मिनिटांच्या पुढे क्वचितच. प्रथिन आधी, पिष्टमय शेवटी, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. एवढ्यावर भागलं नाही तर औषधं आहेत.

प्रयोगशाळेत कोणी ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन चाचणी करू लागलं, तर बायपास झाल्याचं आधी सांगा. एकदम पोटात गेलेली साखर चक्कर आणि मळमळ आणते. लोह कमी असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि बी-१२चे आकडे त्याच पानावर लिहा. डोळ्यांची तपासणी शुगर नॉर्मल आली तरी सोडायची नाही.

आणि वही बंद करायची नाही. औषधं थांबवून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५च्या खाली राहिलं तर मधुमेह शांत झाला असं म्हणतात, बरा झाला असं नाही. स्टॅम्पीड नावाच्या अभ्यासात पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले बायपासवाले २९ टक्के होते, स्लीव्हवाले (आतड्याची वाट न बदलता जठर कापून नळीसारखं केलेले) २३ आणि निव्वळ औषधांवरचे ५. म्हणजे फायदा ठसठशीत, पण कायमची हमी नाही. जुना मधुमेह आणि आधीपासून इन्सुलिन असेल तर आशा बेताचीच ठेवावी. माझ्या वहीत सहाव्या वर्षी उपाशीपोटीचे आकडे १३४, १३७, १३३ असे ओळीने आले. मी पान दाखवलं, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झालं. साधी गोळी, हळूहळू विरघळणारी नको, कारण बदललेल्या आतड्यात ती पुरती शोषली जाण्याचा भरवसा नसतो. पहिल्या पानावर तारखेसह नोंद केली.