सापडलेली दुचाकी मुद्देमालातून सोडवताना

चोरीला गेलेली दुचाकी पोलिसांना सापडली, तरी ती लगेच घरी आणता येत नाही. ती आता गुन्ह्यातला मुद्देमाल असते आणि ताब्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी देतात. अर्ज मालकानेच करायचा असतो. तो लांबवला की पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात आधी बॅटरी जाते, मग टायर, मग टाकी गंजते.

गाडीची जप्ती कोणत्या गुन्ह्यात दाखवली आहे, हे तपास अधिकाऱ्याला विचारून गुन्हा रजिस्टर नंबर लिहून घ्या. अर्ज त्याच गुन्ह्याच्या कोर्टात लागतो. नवी मुंबईत इथेच घोळ होतो, कारण पोलीस आयुक्तालय एक असलं तरी जिल्हे दोन आहेत. वाशी, नेरूळ, रबाळे यांसाठी सीबीडी बेलापूरचं न्यायालय. खारघर, कामोठे, पनवेल यांसाठी पनवेलचं, म्हणजे रायगड जिल्ह्यातलं.

अर्जाचं नाव 'मुद्देमाल परत मिळणेबाबत'. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३ लावा. मुद्देमाल कोर्टापुढे हजर झाला असेल तर ४९७. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ही ४५७ आणि ४५१.) सोबत एफआयआर, जप्ती पंचनामा, आरसी, विमा आणि आधार यांच्या प्रती जोडा, मूळ कागद दाखवायला जवळ ठेवा. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (२००२) या निकालाचा उल्लेख जरूर करा. वस्तू पोलीस ठाण्यात फार तर पंधरा दिवस ते महिनाभर राहावी, गाड्या तर फोटो आणि पंचनामा करून योग्य हमीवर सोडाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलं आहे.

अर्जावर कोर्ट तपास अधिकाऱ्याचा आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. सगळ्यात जास्त तारखा इथेच जातात. 'से'ची नोटीस ठाण्यात पोहोचली का, ते स्वतः जाऊन पाहा.

दुसरी अडचण चेसिस आणि इंजिन नंबरची. चोर नंबर घासतात, कधी पंचनामा लिहिताना एखादा आकडा चुकतो. अर्ज करण्याआधीच आरसी आणि पंचनामा एकेक अक्षर लावून पाहा. फरक दिसला तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून दुरुस्ती मागा. नंबर घासलेला असेल तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबावं लागतं. विम्याचा दावा आधीच मिळाला असेल तर गाडीवर कंपनीचा हक्क असतो आणि अर्जही तिनेच करायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधीच आणून ठेवा, कोर्ट ते मागू शकतं.

हुकूम झाला की ठरलेल्या रकमेचं बंधपत्र द्यायचं. गाडी विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची, या नेहमीच्या अटी.

हुकुमाची प्रमाणित प्रत घेऊन मुद्देमाल कारकुनाकडे जा. ताबापावतीवर सही करण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि आरसा, बॅटरी, टूलकिट जे गायब असेल ते पावतीवरच लिहून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही. सोडवायची फी म्हणून ठाण्यात काहीही देणं लागत नाही. पेट्रोल आणि मेकॅनिक मात्र सोबत न्या.

अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालयात रिव्हिजन, म्हणजे हुकूम पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज, करता येते. खटला संपण्याआधी गाडी विकायची वेळ आलीच, तर आधी त्याच कोर्टाची लेखी परवानगी घ्या.