सर्फ थेरपी सुरू करताय? या चुका टाळा

सर्फ थेरपी म्हणजे मनाच्या आजारात उपचाराच्या जोडीला, गटाबरोबर आणि आधार देत केलेलं सर्फिंग, म्हणजे बोर्डवरून लाटांवर घसरणं. तिचा उपयोग झाला नाही असं म्हणणाऱ्यांना थोडं खोलात विचारलं, की बऱ्याचदा कळतं ते असं: त्यांनी सर्फिंग केलं होतं, थेरपी मात्र केलीच नव्हती. बोर्ड भाड्याने घेतला, समुद्रात उतरले, दमले, घरी आले. एक-दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा पहिल्यासारखं.

हा उपक्रम जिथे नीट चालतो तिथे लाटेभोवती बरंच काही बांधलेलं असतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘द वेव्ह प्रोजेक्ट’मध्ये मुलं काही आठवडे सलग येतात आणि प्रत्येकाबरोबर पाण्यात स्वयंसेवक असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या ‘वेव्ह्ज फॉर चेंज’मध्ये मुलांना शिकवणारे त्यांच्याच वस्त्यांमधले तरुण असतात. मुलांनी तिथे पाहिलेली हिंसा या तरुणांना सांगून समजवावी लागत नाही. ठरलेली वेळ, तीच माणसं, पाण्यात उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर थोडं बोलणं, आणि मधे लाट. यातलं काय गाळलं की काय बिघडतं, ते पाहू.

बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, म्हणून आधी हीच. चार सत्रांनंतर झोप लागायला लागते, मन हलकं होतं, आणि माणूस स्वतःच ठरवतो की आता औषध नको. नैराश्याची औषधं अचानक थांबवली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटू शकतो. सर्फिंग उपचाराच्या जोडीला आहे. डोस कमी करायचा असेल तर तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा.

औषधांबद्दल आणखी काही गोष्टी फार कमी ठिकाणी सांगितल्या जातात. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं, तर रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढू शकते. त्यांनी भरपूर पाणी प्यायचं, आणि खांदे दुखले म्हणून मनाने आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, कारण त्यानेही लिथियमची पातळी वाढते. काही औषधांनी त्वचा उन्हाने लवकर भाजते, काहींनी शरीराला उष्णता झेपत नाही. गुंगी आणणारी गोळी घेऊन पाण्यात जाणं तर सरळ धोका आहे. पहिल्या सत्राआधी डॉक्टरांना ‘मी समुद्रात जाणार आहे’ एवढं वाक्य सांगायला दोन मिनिटं लागतात. ती द्या.

‘आज उभा राहिलो का?’ हे माप लावणं

बोर्डवर उभं राहणं अवघड आहे. नैराश्यात असलेला माणूस आधीच स्वतःला नापास करून बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे आपण आणखी एक परीक्षा ठेवतो. किनाऱ्यावरून कुटुंबीय ओरडत असतात, ‘ऊठ, ऊठ!’ प्रेमापोटीच ओरडतात, पण पडल्यावर त्याची नजर पहिल्यांदा त्यांच्याकडेच जाते.

मोठा, मऊ फोमचा बोर्ड घ्या. लाट फुटून गेल्यावर जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, त्यात कंबरभर पाण्यात पोटावर पडून घसरत यायचं. यातही लाटेचा जोर, वेग, हसू सगळं मिळतं. १९९६ पासून स्वमग्न मुलांसाठी चाललेल्या ‘सर्फर्स हीलिंग’मध्ये अनुभवी सर्फर मुलाला आपल्याच बोर्डवर पुढे घेऊन लाटेवर जातो, मुलाला काहीही जमून दाखवावं लागत नाही. प्रगती पाहायचीच असेल तर त्या रात्रीची झोप कशी होती, पुढच्या वेळी यावंसं वाटलं का, गटातल्या कुणाशी आपणहून बोलणं झालं का, हे पाहा.

घाबरलेल्याला आत ढकलणं

‘एकदा पडलास की भीती जाईल’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. ज्याला पॅनिक अटॅक येतात किंवा ज्याच्या मनावर मोठा आघात आहे, त्याच्यासाठी मर्जीविरुद्ध डोक्यावरून गेलेली एक लाट समुद्राचं दार कायमचं बंद करू शकते.

छातीत धडधड आणि श्वास तोकडा पडणं सुरू झालं, तर आधी साधी कारणं तपासा. वेटसूटचा, म्हणजे पाण्यात ऊब देणाऱ्या अंगाला चिकटणाऱ्या रबरी पोशाखाचा, गळा घट्ट आहे का? गळ्यावरचा तो दाब गुदमरल्यासारखा वाटतो, आणि नवख्याला कळतही नाही की त्रास कपड्याचा आहे. पाणी थंड आहे का? थंड पाण्यात अचानक शिरल्यावर पहिली एक ते तीन मिनिटं शरीर आपोआप धापा टाकतं. ही शरीराची प्रतिक्रिया असते, पण पॅनिकची ओळख असलेल्याला ती अटॅकच वाटते. म्हणून आधी पाय, मग कंबर, मग तोंडावर पाणी, श्वास स्थिर झाला की पुढे. हे सगळं आधी जमिनीवर सांगून ठेवलं असेल तर अर्धी भीती तिथेच ओसरते. तरीही थांबत नसेल तर गुडघाभर पाण्यात परत या, लांब श्वास सोडा, आणि वाटलं तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबा. परत फिरायचा इशारा आधीच ठरलेला असावा, आणि तो दिल्यावर कुणीही ‘का’ विचारू नये.

छातीत दुखणं, खोकला किंवा धाप बाहेर आल्यावरही राहिली तर मात्र ते पॅनिक समजून सोडून देऊ नका. नाकातोंडात पाणी गेलं असेल तर वैद्यकीय मदत घ्याच.

न विचारता हात लावणं

प्रशिक्षक सवयीने बोर्ड ढकलतो, पाय धरतो, पाठीमागची झिप लावतो. अत्याचारातून गेलेल्या व्यक्तीसाठी अनोळखी हाताचा तो स्पर्श पूर्ण सत्र उधळून लावायला पुरेसा असतो. ‘बोर्ड धरू का?’, ‘खांद्याला हात लावला तर चालेल?’ असं प्रत्येक वेळी विचारायला हवं. कपडे बदलायला बंद जागा हवी. एखाद्या केंद्रात याबद्दल विचारल्यावर तुमचं म्हणणं हसण्यावारी नेलं, तर दुसरीकडे जा.

सुरक्षेचं ‘नंतर बघू’

पायाला लीश, म्हणजे बोर्डला जोडणारी दोरी, बांधलेली हवी, एकट्याने जायचं नाही, पडताना डोकं हातांनी झाकून आडवं पडायचं. पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजू नका आणि बोर्ड सोडू नका. त्यावर तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. नवख्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: बोर्डवर पोटावर पडून पाठ खूप वेळ मागे वाकवून ठेवल्याने क्वचित मज्जारज्जूला इजा होते. पाठीत अचानक कळ येऊन पाय बधिर किंवा कमजोर वाटले तर ताबडतोब बाहेर या आणि रुग्णालय गाठा.

काही दिवशी पाण्यात जाऊच नये. मनात जीव देण्याचे विचार घोळत असतील, दारू घेतलेली असेल, उन्मादाच्या टप्प्यात कसलीच भीती वाटत नसेल, फिट्स आटोक्यात नसतील, तर त्या दिवशी समुद्र नको. आत्महत्येचे विचार असतील तर पुढच्या सत्राची वाट न पाहता लगेच जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठा.

समुद्र आवडत नसताना तोच धरून बसणं

अमेरिकेत सॅन डिएगोला नैराश्याचं निदान झालेल्या सैनिकांवर अभ्यास झाला. एका गटाने ६ आठवडे सर्फिंग केलं, दुसऱ्याने डोंगरवाटा तुडवल्या. नैराश्य दोन्ही गटांत कमी झालं. तेव्हा पाणी पाहूनच पोटात गोळा येत असेल तर डोंगर धरा. त्यात काही कमीपणा नाही.

शेवटाची तयारी न करणं

कार्यक्रम संपल्यावरचा आठवडा अवघड जातो. भेटी थांबतात, वार रिकामा पडतो, मन खाली येतं, आणि माणसाला वाटतं की आधीचं बरं वाटणं खोटंच होतं. यावरचा उपाय कार्यक्रम चालू असतानाच करायचा. शेवटच्या दोन सत्रांआधीच पुढे कुणाबरोबर, कोणत्या वारी, काय करणार हे ठरवा, आणि समुपदेशकाची पुढची भेट त्या रिकाम्या आठवड्यातच घ्या. मधेच समुद्र खवळल्यामुळे सत्र रद्द झालं तरी भेट रद्द करू नका. वाळूवर बोर्ड ठेवून त्यावर उभं राहायचा सराव करा, चाला, बोला. आयोजकांनी तर ‘लाटा नाहीत, येऊ नका’ असा निरोप कधीच पाठवू नये, कारण त्या दिवशी घरातून बाहेर पडायचं कुणाचं तरी ते एकमेव कारण असतं.