नाशिकमधून तिबेटविद्येकडे : अभ्यासाची आणि अध्यापनाची वाट कशी आखावी

तिबेटचा इतिहास आणि संस्कृती हा आयुष्यभराच्या अध्यापन-संशोधनाचा विषय करायचा असेल, तर भाषा आधी शिकावी आणि प्रबंधाचा विषय मागाहून ठरवावा. केवळ इंग्रजी अनुवादांवर विसंबून निवडलेला विषय मूळ ग्रंथ हाती आल्यावर बहुधा बदलावा लागतो, आणि त्यात उमेदीची वर्षे खर्ची पडतात.

नाशिकमध्ये बी.ए. करताना इतिहासाच्या जोडीला संस्कृत घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिबेटीत गेलेल्या पुष्कळ भारतीय ग्रंथांचे संस्कृत मूळ हरवले आहे; जे उरले आहे ते तिबेटी भाषांतराशी ताडून वाचता येणे, ही मराठी विद्यार्थ्याची मोठी शिदोरी ठरते. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून आणलेल्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून संस्कृतचे अभ्यासक वा. वि. गोखले यांनी बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूच्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या कारिका (सूत्ररूप श्लोक) १९४६ मध्ये प्रसिद्ध केल्या, हे या परंपरेचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण आहे.

तिबेटी लिपी ब्राह्मीच्याच कुळातली असून तिच्यात तीस व्यंजने आणि चार स्वरचिन्हे आहेत, त्यामुळे अक्षरओळख लवकर होते. खरी कसोटी शुद्धलेखनाची असते. ‘आठ’ हा आकडा अक्षरी लिहिताना ब, र, ग, य, द अशी पाच व्यंजने येतात आणि ल्हासाच्या बोलीत उच्चार मात्र ‘ग्ये’ असा होतो. म्हणून शब्द रोज लिहूनच पाठ करावेत. बोलीच्या सरावासाठी शरणपूर रस्त्यावरील तिबेटी मार्केटमध्ये, थंडीतली गर्दी टाळून, विक्रेत्यांशी आदराने बोलावे. ग्रंथांची भाषा त्या बोलीहून बरीच वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे.

एम.ए. साठी पुणे विद्यापीठाचा पाली विभाग जवळचा आहे. तिबेटीत मुरायचे असेल तर सारनाथची १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय तिबेटी संस्था किंवा शांतिनिकेतन येथे जावे. धरमशाला येथील तिबेटी ग्रंथालय व अभिलेखागार १९७० पासून, तर गंगटोकची नामग्याल संस्था १९५८ पासून कार्यरत आहे. हस्तलिखितांच्या कामासाठी या दोन्ही ठिकाणी मुक्काम करावा लागेल, असे धरून चालावे.

पहिला संशोधनविषय आटोपशीर असावा. भाषांतरित ग्रंथाच्या शेवटच्या पानावर बहुधा पुष्पिका असते : भारतीय पंडित कोण, तिबेटी अनुवादक कोण, काम कोणत्या विहारात झाले, कोणाच्या आज्ञेने झाले. अशा पाच-दहा ओळींतून माणसांची आणि ग्रंथांची ये-जा उलगडते, आणि एका चांगल्या शोधनिबंधाला तेवढी सामग्री पुरते.

कालगणनेत तर आपल्याला घरचीच मदत आहे. तिबेटी इतिहासग्रंथांतील साठ वर्षांचे चक्र १०२७ पासून मोजतात आणि ते प्रभव संवत्सरापासून सुरू होते. आपल्या शालिवाहन पंचांगातील चक्राशी ते आजही जुळते, कारण १९८७ मध्ये दोन्हीकडे प्रभवच होता. मात्र तिबेटी नववर्ष साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असल्यामुळे जानेवारीतील घटना मागील वर्षात धरावी लागते. ही दक्षता न घेतल्यास सनावळीत एक वर्षाची चूक शिरते आणि ती पुढच्या लेखकांकडून उचलली जाते. केवळ धर्मग्रंथांवर न थांबता जमिनीचे कागद आणि पत्रव्यवहारही वाचायचे असल्यास ‘उमे’ ही धावती लिपी वेगळी शिकावी.

नोकरीचा विचार मोकळेपणाने करावा. भारतात तिबेटविद्येचे स्वतंत्र विभाग मोजकेच आहेत. म्हणून नेट परीक्षा इतिहास, पाली किंवा बौद्ध अध्ययनाचा समावेश असलेल्या विषयातून द्यावी आणि त्यांपैकी एक विषय वर्गात शिकवण्याइतका पक्का करावा. पीएच.डी. चा मार्गदर्शक निवडताना तो स्वतः तिबेटी मूळ वाचतो का, हे त्याचे प्रकाशित लेख पाहून प्रवेशाआधीच तपासावे.