ड्युशेन असलेल्या मुलाचा व्यायाम: चढण्यापेक्षा उतरणं वाईट

लेकाला ड्युशेन (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जन्मजात आजार) आहे म्हटल्यावर प्रत्येक लग्नाकार्यात कोणीतरी सांगणारच, रोज दहा बैठका मारायला लावा, पाय भक्कम होतील. नेमकं तेच करायचं नाहीये. या पोरांच्या शरीरात स्नायूच्या पेशीला सांभाळणारं डिस्ट्रोफिन प्रोटीनच बनत नाही, मग जोर लागलेला असतानाच स्नायू ताणला गेला की आतून फाटतो आणि नीट भरून येत नाही. असा ताण येतो कुठे, तर जिना उतरताना, बैठकीत खाली जाताना, उड्या मारताना, आणि बर्थडे पार्टीतल्या त्या ट्रॅम्पोलिनवर (आम्हीच हौसेने नेलं होतं, काय सांगू). तेव्हा वजनं नाहीत, बैठका नाहीत, शाळेत वर्ग तळमजल्यावर मागून घ्या.

पण म्हणून सोफ्यावर बसवून ठेवू नका, तेही तितकंच वाईट. नेदरलँड्समध्ये ३० मुलांवर ट्रायल झाली, २०१३ मध्ये छापून आली, मोटरची मदत असलेली सायकल पायांनी १५ मिनिटं, हातांनी १५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, २४ आठवडे. सायकल मारणारी मुलं होती तिथे टिकली, बाकीची घसरली. पोहणं तर मस्तच, वजन पाणीच उचलतं, फक्त गार पाणी नको आणि धाप लागेपर्यंत नको, गप्पा मारता आल्या पाहिजेत. सुरू करायच्या आधी हृदयाची तपासणी आणि फिजिओला विचारणं मस्ट.

आता स्ट्रेचिंग, हे आठवड्यातून किमान ४-६ दिवस. आमच्याकडे अंघोळीनंतर, कार्टून लावून. त्याला उताणा झोपवायचा, गुडघा सरळ, टाच आपल्या तळव्यात धरायची, पाऊल आपल्या हाताला कोपराच्या अलीकडे टेकवायचं, मग टाच आपल्याकडे ओढत पाऊल हळूहळू नडगीकडे न्यायचं, तीस आकडे मोजायचे. पोटरीत ताण जाणवला पाहिजे, पण तो ओरडला तर लगेच सैल सोडा. झटके अजिबात नकोत.

दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा, कमी करा. लघवी कोकसारखी काळपट दिसली तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही.

रात्री एएफओ (घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारा आधाराचा साचा) घालून झोपताना कुरकुर होतेच, आत सुती मोजे घातले की जरा कमी होते.