अ‍ॅडाप्टर लिहिला, तरी लायब्ररी सुटत नाही? या चुका टाळा

अ‍ॅडाप्टर म्हणजे आपला कोड आणि यूआय लायब्ररी (पडद्यावरचे तयार घटक देणारा कोड) यांच्यामधला दुभाषी थर. लायब्ररी बदलायची वेळ आली की तो खरा की खोटा ते कळतं. बदल एका फोल्डरात आटोपला तर ठीक. चाळीस फाइली उघडाव्या लागल्या, तर ते नुसतं वेष्टन होतं.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे लायब्ररीचे ऑब्जेक्ट बाहेर झिरपू देणं. अँट डिझाइन या रिअ‍ॅक्टच्या यूआय लायब्ररीच्या 4 थ्या आवृत्तीत डेटपिकर (तारीख निवडायचा घटक) मोमेंट या तारखांच्या लायब्ररीचा ऑब्जेक्ट द्यायचा. 2022 मध्ये आलेल्या 5 व्या आवृत्तीपासून तो डेजेएस या दुसऱ्या तारीख-लायब्ररीचा देतो. हा ऑब्जेक्ट तसाच स्टोअरमध्ये (अ‍ॅपच्या सामायिक डेटात), व्हॅलिडेशनमध्ये गेलेला असेल, तर प्रत्येक ठिकाणी हात घालावा लागतो. अ‍ॅडाप्टरच्या उंबरठ्यावरच त्याची '2025-03-05' अशी साधी स्ट्रिंग करा. मात्र त्यासाठी टूआयएसओस्ट्रिंग ही मेथड नको. ते वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नेतं, त्यामुळे घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर मध्यरात्रीची तारीख एक दिवस मागे पडते. 'तारीख चुकीची सेव्ह होते' या तक्रारीत आधी इथेच पाहा. फॉरमॅट मेथडने स्थानिक तारीख काढा.

पानांच्या क्रमांकाचंही तसंच. एमयूआय या दुसऱ्या यूआय लायब्ररीचं टेबलपॅजिनेशन (तक्त्याची पानं बदलणारा घटक) 0 पासून मोजतं, अँट डिझाइनचं पॅजिनेशन 1 पासून. आपला करार एकदाच ठरवा, समजा 1 पासून, आणि बेरीज-वजाबाकी फक्त अ‍ॅडाप्टरमध्ये ठेवा.

'उरलेले सगळे प्रॉप्स' (घटकाला बाहेरून दिलेली मूल्यं) स्प्रेड करून, म्हणजे एकगठ्ठा, आत ढकलणं सोयीचं वाटतं, पण त्याच फटीतून लायब्ररीचा अख्खा एपीआय बाहेर येतो. लागतात तेवढेच चार-पाच प्रॉप्स नावानिशी घ्या, आणि नावं आपल्या कामाची ठेवा. उलट टोकाची चूकही दिसते: 'सुट्टीच्या दिवशी बुकिंग नको' हा नियम अ‍ॅडाप्टरमध्ये घुसतो. तिथे फक्त भाषांतर व्हावं. बंद तारखांची यादी बाहेरून यावी.

रिअ‍ॅक्ट नसलेलं विजेट गुंडाळताना अनमाउंटच्या वेळी (घटक पडद्यावरून काढताना) त्याची डिस्ट्रॉय मेथड बोलवायला विसरलात, तर लिसनर (क्लिकची वाट पाहणारी फंक्शन्स) मागे उरतात आणि घटक पुन्हा आला की एका क्लिकला दोनदा प्रतिसाद मिळतो.

प्रत्येक बटणाला मात्र अ‍ॅडाप्टर नको. तो जाच होतो. तारीख, टेबल, सिलेक्ट यांसारख्या आडमुठ्या घटकांपुरता ठेवा.

थेट इम्पोर्ट रोखायला ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा 'नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्स' नियम लावा, अ‍ॅडाप्टरच्या फोल्डरला त्यातून सूट द्या. मग साध्या एचटीएमएल इनपुटवर चालणारा दुसरा अ‍ॅडाप्टर लिहून टाइपस्क्रिप्ट बिल्ड चालवा. जिथे बिल्ड मोडेल, तिथे गळती आहे.