झेडपी शाळेच्या छताचं टेंडर भरताय? आधी शिडी लावा

उन्हाळा आला की झेडपी, पीडब्ल्यूडीची छतदुरुस्तीची टेंडरं धडाधड निघतात, शाळा, दवाखाने, क्वार्टर्स वगैरे. कामं छोटी असल्यामुळे मोठे ठेकेदार फारसे वळून बघत नाहीत आणि आपल्यासारख्याला चान्स असतो. पण या कामात तोटा होतो तो छतावर नाही, टेंडर भरताना होतो. साइट न बघता भरलेलं टेंडर म्हणजे अंगावर घेतलेलं दुखणं, माझ्या पहिल्या कामात हेच झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पीडब्ल्यूडी किंवा झेडपीची ठेकेदार नोंदणी (इंजिनियर असाल तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी होते), पॅन, जीएसटी, क्लास 3 डिजिटल सही, आणि महाटेंडर्सवर, म्हणजे सरकारी ई-टेंडरच्या पोर्टलवर, खातं. उद्यम (छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं) सर्टिफिकेट आहे म्हणून ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम, माफ होईल असं धरून चालू नका, छोट्या उद्योगांना ही सूट देणारं केंद्राचं 2012 चं धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला लागू होत नाही. टेंडरमध्ये स्पष्ट सूट लिहिली असेल तरच सोडा, नाहीतर गुपचूप भरा.

आता मुद्द्याचं. एस्टिमेट डाऊनलोड करा, प्रिंट काढा आणि शाळेत जा. आधी मुख्याध्यापकांना विचारा की सर, पावसात कुठल्या वर्गात बादली ठेवता. एस्टिमेट ऑफिसात बसून केलेलं असू शकतं, बादलीची जागा मात्र खरी असते. मग शिडी लावून वर चढा. कौलारू शाळा असेल तर लांबून फक्त फुटकी कौलं दिसतात, पण वासा भिंतीवर टेकतो ना, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर वासा संपलाय. मी हे केलं नव्हतं, एस्टिमेटमध्ये कौलं आणि रीपा एवढंच होतं, कौलं उतरवली तर अकरा वासे कुजलेले निघाले. एस्टिमेटबाहेरच्या कामाची दरयादी (एक्स्ट्रा आयटम, ईआयआरएल) मंजूर होऊन पैसे येईपर्यंत वर्ष गेलं आणि वासे तर मला त्याच आठवड्यात घ्यावे लागले. स्लॅब असेल तर हातोडीने कोबा (स्लॅबवरचा थर) ठोकत फिरा, बद बद वाजला की खालून सुटलाय. त्याच्यावर नुसता वॉटरप्रूफिंगचा कोट मारायचं एस्टिमेट असेल तर तो कोट दोन पावसाळ्यांत उठणार आणि दोष दायित्व, म्हणजे ठरलेल्या मुदतीत बिघडलं तर स्वखर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी, तुमच्या नावावर, अशी कामं मी सरळ सोडून देतो.

पत्र्याचं गणित नीट समजून घ्या कारण इथे बरेच जण फसतात. छताचं माप उतारावरून घेतात, खालच्या जमिनीवरून नाही. 6 मीटर रुंदीची खोली, मधे आढं 1.5 मीटर वर, म्हणजे एका बाजूचा उतार 3.35 मीटर, दोन्ही मिळून 6.70, वर पागोळीचा भाग वेगळा. एस्टिमेटमध्ये 6 च धरलेत का ते तपासा. दुसरं, लॅपचे पैसे वेगळे मिळत नाहीत, झाकलेलं क्षेत्रफळच मोजतात. 80 सेंटीमीटर रुंद आणि 2.5 मीटर लांब नालीदार पत्रा, बाजूला दोन नाल्यांचा लॅप आणि टोकाला 15 सेंटीमीटर, उरतं 65 बाय 235. म्हणजे विकत घेतला 2 चौरस मीटर आणि बिलात आला साधारण 1.53. रेट अॅनालिसिस करताना हे धरलं नाही तर नफा तिथेच गेला.

रेट भरताना टेंडर बी-1 प्रकारचं असेल तर एस्टिमेटच्या किती टक्के कमी किंवा जास्त एवढंच भरायचं असतं. बीओक्यूच्या (रेट भरायच्या) एक्सेलमध्ये लेस (कमी) का एक्सेस (जास्त) ते दोनदा बघा, फाईलचं नाव बदलू नका, आणि रेट चुकूनही पहिल्या, म्हणजे कागदपत्रांच्या, लिफाफ्यात जाऊ देऊ नका. 10 टक्क्यांपेक्षा खाली गेलात तर जादा अनामत भरावी लागते, 15 च्या खाली तर ती अजून जोरात वाढते, छोट्या माणसाचे पैसे त्यातच अडकून पडतात. त्यापेक्षा काम गेलेलं परवडलं.

वर्क ऑर्डर नेमकी मेच्या शेवटी हातात पडते आणि मृग डोक्यावर असतो. सगळं छत एकदम उघडू नका. माल साइटवर पडल्याशिवाय एक कौल हलवायचं नाही आणि संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढीच खोली उघडायची, ताडपत्री आधी आणायची मग मजूर. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांच्यावर पाय देऊन कोणी चालायचं नाही, पोरं बिनधास्त चढतात पण जुना पत्रा वरून धड दिसतो आणि वजन पडलं की काडकन तुटतो. बोल्टच्या लाईनवर आडव्या फळ्या टाकायच्या, बेल्ट लावायचा. कापताना पत्रा ओला ठेवा, मास्क लावा, त्यात अॅस्बेस्टॉस असतं. उतरवलेले पत्रे, अँगल, लाकूड हे खात्याचं असतं, यादी करून जेई (खात्याचे ज्युनियर इंजिनियर) आणि मुख्याध्यापकांची सही घ्या, नाहीतर चार पत्रे गावात कुणाच्या तरी गोठ्यावर दिसतात आणि वसुली तुमच्यावर निघते.

जे काम झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढलं पाहिजे. एकदा पाऊस येईल म्हणून जेई साहेबांची वाट न बघता मी कोबा टाकून मोकळा झालो, ते आले आणि म्हणाले आता जाडी कशी मोजू, आणि लिहिली कमीच. तेव्हापासून टेप लावलेला जिओटॅग फोटो काढतो आणि त्याच मिनिटाला साहेबांना पाठवतो. स्लॅबवर पाणी उभं करून चाचणी घेतली की त्याचाही फोटो, तारखेसकट.

बिलात काय कापतात ते आधीच धरा. समजा 4 लाखांचं काम, प्रोप्रायटर असाल तर इन्कम टॅक्स 1 टक्का म्हणजे 4 हजार, कंत्राट अडीच लाखांच्या वर म्हणून जीएसटी टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा कर) 2 टक्के म्हणजे 8 हजार, लेबर सेस 1 टक्का अजून 4 हजार, शिवाय डिपॉझिट. शासकीय विमा आधी काढला नसेल तर तोही कापतात. जीएसटी टीडीएस आपोआप मिळत नाही बरं का, पोर्टलवर जाऊन ते क्रेडिट अॅक्सेप्ट करावं लागतं तेव्हा कॅश लेजरला (आपल्या जीएसटी खात्यात) येतं, मी दीड वर्ष केलंच नव्हतं. जुलै 2022 पासून या कामांवर जीएसटी 12 चा 18 टक्के झालाय, तो वेगळा मिळणार का रेटमध्येच आहे हे टेंडरमध्ये वाचूनच टक्केवारी भरा.

आणि डिपॉझिट मागायची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. दोष दायित्व संपायच्या आधीच्या पावसाळ्यात स्वतः एक चक्कर मारा, सैल झालेले हूक आवळा, गळत नाही असं मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या आणि अर्जाला जोडा. ऑफिस स्वतःहून फोन करून डिपॉझिट घेऊन जा म्हणालंय असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.